काकीसाहेबांचा गोठा

काकीसाहेब मोहिते गाईंशी अहो-जाहो करत. माणसांशी करतीलच असं नाही.

“बाईसाहेब, पाय मागे घ्या. घ्या म्हणते ना! शहाण्या आहात,” असं म्हणत त्या गाईच्या कासेशी बसत आणि त्याच दमात फाटकापाशी आलेल्या दूधवाल्याला दबक्या पण धारदार आवाजात सांगत, “ऐ भिया, फटफटी वहीं बंद कर! आवाज सुनके पान्हा चोर लेगी वो.” पान्हा हा शब्द हिंदीत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की नसेल तर हिंदीवाल्यांनी शिकून घ्यावा, आपण त्यांचे काय थोडे शब्द घेतले? आणि खरंच, देवासहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात आजही माळवी बोलणारे शेतकरी “म्हारी गाय पान्हा चोर री हे” असं म्हणतात. तो शब्द तिथे कुठून आला, हे मला ठाऊक आहे.

त्यांचं नाव इंदुमती. माहेर धारचं, आजोबा संस्थानच्या पागेवर होते. सासर देवासचं, तेही जुन्या दरबारी मानकऱ्यांचं. बोलण्यात ‘वहिनीसाहेब’, ‘आबासाहेब’, ‘आपण यावं’ हे सगळं अजून शाबूत. पण अंगावर जुनं महेश्वरी लुगडं, त्यावर नवऱ्याचा कारखान्यातला निळा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कानांत मोत्याच्या कुड्या. या वेषात त्या स्कूटरवरून दुधाचे कॅन घेऊन देवासच्या बाजारातून जात तेव्हा लोक वळून बघत. त्या कुणाकडे बघत नसत. रस्त्याच्या कडेला एखादी मोकाट गाय लंगडताना दिसली तरच स्कूटर थांबे.

मी देवासच्या एका दूध शीतकेंद्रावर तपासनीस होते. गावागावांतून आलेल्या दुधाचा वास घ्यायचा, चव घ्यायची, फॅट मोजायचं आणि ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. एका सकाळी मोहित्यांच्या कॅनमधलं दूध मला खारट लागलं. मी कॅन परत पाठवला.

दूध परत गेलं की माणसं भांडायला येतात. मशीन खराब आहे म्हणतात, मॅडमला सर्दी झाली असेल म्हणतात. त्यामुळे उन्हं चढायच्या आत निळ्या शर्टातली ही उंच बाई स्कूटरवर तोच कॅन घेऊन फाटकातून आत आली, तेव्हा मी कंबर कसून उभी राहिले.

“दूध परत कोणी केलं?”

“मी केलं,” मी मराठीतच म्हटलं.

त्या थांबल्या. मला वरून खालपर्यंत पाहिलं. “आपल्यातली दिसतेस. मग नीट सांग. का केलं?”

“खारट लागतंय. एखाद्या गाईच्या कासेला सूज असणार. एकीचं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलंय.”

त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, ओंजळभर दूध तोंडात घेतलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग कॅन मोरीपर्यंत नेला आणि स्वतःच्या हातांनी पालथा केला. रांगेतली माणसं हळहळली. “अरे काकीसाब, पनीर बना लेते!” कुणीतरी म्हणालं.

“जो मेरे घर में नहीं चलेगा, वो किसी और के घर में क्यों चलेगा?” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “कोणती गाय ते मला कळलेलं नाही. तू येऊन दाखव. रविवारी ये. जेवायलाच ये.”

भांडायला आलेली बरीच माणसं मी पाहिली होती. शिकायला आलेली ही पहिली.

रविवारी मी काळं फडकं ताणून बसवलेली वाटी घेऊन गेले. एकेका गाईच्या एकेका सडाच्या पहिल्या धारा त्या फडक्यावर घ्यायच्या. दूध निरोगी असेल तर सरळ गाळून जातं, कासेत दोष असेल तर काळ्यावर पांढरे कण उरतात. गोठा स्वच्छ होता, गाई तेजदार होत्या, वरून कुणाचंच काही बिघडलेलं दिसत नव्हतं. शेवटी जास्वंदीपाशी आलो. जास्वंद ही तांबूस अंगाची, मोठ्या डोळ्यांची, सगळ्यांत दुधाळ गाय. तिच्या मागच्या एका सडाची धार घेतली आणि फडक्यावर कण दिसले.

“ही?” काकीसाहेबांचा विश्वास बसेना. “हिची धार तर मी सगळ्यांत आधी काढते. लाडकी म्हणून!”

“तेच नडतंय. हिची धार काढलेले हात तसेच बाकीच्यांना लागतात. अजून पसरलं नाही हे नशीब.”

त्या हौदापाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. त्या संध्याकाळपासून जास्वंदीची पाळी सगळ्यांत शेवटी. गाईनं हंबरून गोठा डोक्यावर घेतला. काकीसाहेब तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “रागवा, बाईसाहेब. लाड आहेच. पण पाळी शेवटची.” जनावरांच्या डॉक्टरांच्या औषधानं ते सड बरं झालं, तरी नियम राहिला. दर गाईआधी हात धुवायचे, दुखरी गाय शेवटी, आणि धार काढून झाली की लगेच पुढ्यात हिरवा चारा टाकायचा, म्हणजे गाय खायला उभी राहते आणि सडांची तोंडं मिटेपर्यंत घाणीत बसत नाही. पुढे त्या गावोगावी बायकांना हे शिकवायला लागल्या तेव्हा सुरुवात हमखास या गोष्टीनं करत. “माझ्या लाडानं माझी गाय आजारी पडली,” असं सरळ सांगत. ऐकणारी बाई मग आपल्या चुका सांगायला लाजत नसे.

त्या रविवारी जेवताना काकासाहेब भेटले. देवासच्या एका कारखान्यात पूर्वी नोकरीला असलेले, पेटी सुरेख वाजवणारे, अत्यंत हळू बोलणारे गृहस्थ. ते गाईंना घाबरत. नुसते बिचकत नसत, घाबरत. एखादी गाय दावं तोडून अंगणात आली की ते पेटीसकट खोलीत जात आणि आतून कडी लावत. “आमच्या घराण्यात ह्यांच्या पणजोबांनी वाघ मारला होता,” काकीसाहेब वाढता वाढता मला म्हणाल्या. काकासाहेब शांतपणे म्हणाले, “वाघाला शिंगं नसतात.”

हे सगळं सुरू कसं झालं, ते मला मोहित्यांच्या घरच्या एका दसऱ्याला समजलं. भाऊबंद जमले होते, सोनं वाटून झालं होतं. काकासाहेबांचे थोरले बंधू दादासाहेब लोडाला टेकून बसले होते. गोठ्यातून वास येतो अशी कुरबूर सुरू होती. दादासाहेब म्हणाले, “इंदुमती, गाई पाळ. आपल्याकडे पूर्वीही होत्या. पण मोहित्यांच्या सुनेनं दारोदार दूध विकावं, हे काही बरं दिसत नाही. इतकी वर्षं मी बोललो नाही.”

काकीसाहेबांनी डोक्यावरचा पदर नीट केला. थोरल्या दिरांसमोर त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. “दादासाहेब, ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा शेत विकून टाका असं आपणच सुचवलं होतं. मी म्हटलं, शेत राहील, त्यावर गाई राहतील. दूध विकण्यात कमीपणा असता तर मी ते केलं नसतं. कमीपणा त्यात पाणी घालण्यात आहे. ते या घरानं कधी केलं नाही, आणि आपल्या सुनेच्या हयातीत करणार नाही.”

दादासाहेब लोडावरून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, “आमच्याकडेही घालत जा.” दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी दूध जाऊ लागलं.

काकीसाहेबांना सगळ्यांत जास्त राग येई तो एका प्रश्नाचा. गोठा बघायला आलेला माणूस दारातच विचारे, “ही गाय दूध किती देते?” त्या उत्तरच देत नसत. “आधी हे विचारा, की ती खाते काय, पाणी किती पिते, सावलीत किती बसते, आणि तिची धार काढणारं माणूस तिला आवडतं का. मग दुधाचं मी सांगते.” चाऱ्याची मूठ नाकाशी नेऊन वास घेतल्याशिवाय त्या तो गव्हाणीत पडू देत नसत. आंबोणाची, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकाची, ज्याला इकडे बांटा म्हणतात, चिमूट जिभेवर ठेवून बघत. शेजारचा हरिराम आपली गाय विण्याच्या दिवसापर्यंत तिची धार काढत राही. त्याला त्यांनी भर रस्त्यात सुनावलं, “क्यों रे हरिराम, तेरी बहू को जचगी से पहले मायके भेजता है कि नहीं? इसको भी दो महीने छुट्टी दे. अभी आराम नहीं देगा तो अगले बेत में दूध कहाँ से लाएगी?” हरिरामनं गाय आटवली. पुढच्या वेताला तो चिकाच्या वड्या घेऊन स्वतः आला. तेव्हापासून गावात गाय आटवण्याला ‘मायके भेजना’ हाच शब्द रूढ झाला.

एका उन्हाळ्यात त्यांच्या गोठ्यातलं दूध एकदम उतरलं. माळव्यातला मे म्हणजे जमीन तव्यासारखी, आणि तेव्हाच लग्नसराई. मिठाईवाल्यांना दूध पुरत नाही. एक ठेकेदार त्यांच्याकडे आला, पान्हा सोडायला लावणाऱ्या औषधाची लहानशी बाटली दाखवून म्हणाला, “काकीसाब, सब लगाते हैं. सुई लगाओ, गाय खड़े-खड़े सब उतार देगी.”

मी तिथे होते. काकीसाहेब म्हणाल्या, “उतार देगी, ठीक है. पर बनाएगी कहाँ से?” आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या गोठ्यात खाट टाकून बसल्या. नुसत्या बसल्या. कुणी बोलावलं तरी उठल्या नाहीत. काकासाहेबांनी खिडकीतून विचारलं, “अहो, बरं आहे ना?” त्या म्हणाल्या, “मी बघतेय त्यांची दुपार कशी जाते.”

त्यांची दुपार वाईट जात होती. वरचा पत्रा तापून आग ओकत होता. गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या, कुणी बसायला तयार नव्हती, रवंथ तर बंदच. पाण्याचा हौद उन्हात होता. गाई त्याच्यापाशी जात, तोंड लावत आणि न पिता परत येत. काकीसाहेबांनी हात बुडवून पाहिला, तर पाणी चहासारखं गरम.

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “सुधा, पाण्याविना दूध कसं होणार गं? मी त्यांना पाणी दिलं असं समजत होते. नुसतं ठेवलं होतं.”

मग काम निघालं. हौद कडुलिंबाच्या झाडाखाली हलवला आणि त्यात दिवसातून चार वेळा ताजं पाणी सोडायचं ठरलं. पत्र्यावर चुना मारला, वर सोयाबीनच्या काडाचा जाड थर टाकला, उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं लावली. मुख्य चारा पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दुपारी फक्त विसावा. गाई दुपारी बसायला लागल्या. बसून रवंथ करायला लागल्या. दूध एका दिवसात वाढलं नाही. ते हळूहळू, रोज थोडं थोडं, परत आलं. केंद्रावर कॅन उचलताना मला ते हातांना कळत होतं. त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या एकेका गोठ्यावर काडाचे थर दिसू लागले. सांगायला कुणी गेलं नव्हतं. लोक येऊन बघून गेले होते.

काकीसाहेबांकडे सुरली नावाची बाई कामाला होती. धार जिल्ह्यातल्या डहीकडची, नवऱ्याबरोबर मजुरीला आलेली. तिचा हात लागला की गाई पान्हा सोडत. ती कासेवर कोमट पाणी शिंपडायची, काहीतरी गुणगुणायची, आणि बादलीत फेस चढायचा. काकीसाहेब उघड म्हणत, “माझ्यापेक्षा तिचा हात चांगला.” काही वर्षांनी सुरलीचे सासू-सासरे थकले आणि तिला परत जावं लागणार होतं. काकीसाहेबांनी तिला सांगितलं, गोठ्यातली एक कालवड घेऊन जा.

सुरलीनं बोट दाखवलं ते काळ्या-पांढऱ्या, विलायती रक्ताच्या कालवडीकडे. तिच्या आईनं त्या वर्षी सगळ्यांत जास्त दूध दिलेलं होतं. काकीसाहेब म्हणाल्या, “ती नाही. ती गीरची लाल ने.”

सुरलीचा चेहरा उतरला. “काकीसाब, देनाच नी हे तो साफ बोल दो.”

मलाही ते खटकलं. पण काकीसाहेब तिथेच मातीत बसल्या, सुरलीला समोर बसवलं. “तेरे यहाँ पंखा है? हरा चारा बारह महीने है? डॉक्टर कितनी दूर है?” सुरली मान हलवत राहिली. “ये काली मेरे यहाँ रानी है, क्योंकि मैं इसकी नौकर हूँ. तेरे टेकरे पे धूप में ये दो महीने नहीं टिकेगी. तू रोएगी, और मुझे गाली देगी. लाल वाली कम देगी, पर हर साल देगी.”

सुरली लाल कालवड घेऊन गेली. तिचा राग गेला नव्हता, हे आम्हा दोघींना कळत होतं. काकीसाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत. चार उन्हाळ्यांनंतर डहीहून फोन आला. काकीसाहेबांनी तो आवाज मोठा करून मला ऐकवला. सुरलीच्या लाल गाईला दुसरं वासरू झालं होतं. पलीकडच्या वस्तीत, त्यांच्या भाषेत फलियात, कुणी भारी काळी गाय विकत आणली होती, ती उन्हानं गेली. “काकीसाब,” सुरली म्हणाली, “म्हारे फलिये में अब सब पूछे, कौन-सी गाय लानी. मैं बताऊँ.” काकीसाहेबांनी फोन ठेवला आणि निळ्या शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला. सुरलीचं दूध किती निघतं, हे त्यांनी विचारलंच नाही.

आणि मग लम्पीची साथ आली. गाईंच्या अंगावर गाठी उठत, ताप चढे, पाय सुजत, दूध आटे. आसपासच्या गावांतून बातम्या येत होत्या. लस तालुक्याला पोचली होती, त्यांच्या गावाची पाळी यायची होती. लोक आजार लपवत होते. माणसांना त्यापासून भीती नाही, असं डॉक्टर सांगत, पण गाठी उठल्याचं कळलं की गिऱ्हाईक दूध घेणं बंद करी.

एका सकाळी जास्वंदीच्या मानेवर गाठी दिसल्या. काकीसाहेबांनी डॉक्टरांना फोन केला, फाटकाला कुलूप लावलं आणि गावातली पुरुषमंडळी जिथे बसतात त्या मंदिराच्या ओट्यापासून अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी केंद्रावर जाताना वाटेत थांबले होते, म्हणून हे पाहिलं.

“सुन लो सब,” त्या म्हणाल्या, “मेरे गोठे में लम्पी आ गया है.”

हरिराम घाईघाईनं खाली उतरला. “काकीसाब, मत बोलो! कोई दूध नी लेगा.”

“नहीं लेगा तो नहीं लेगा. टीका उस गाय के काम का है जिसको अभी कुछ नहीं हुआ. मेरेवालियों को देर हो गई, तुम्हारी अभी बची हैं. डॉक्टर को मैंने आज ही बुलाया है. एक भी गाय मत छुपाना. और मेरे फाटक के अंदर कोई नहीं आएगा.”

डॉक्टर आले. गावातली सगळी जनावरं त्या एका दिवसात चौकात आणून टोचली. एकानंही लपवलं नाही. जिनं स्वतःचं नुकसान चारचौघांत सांगितलं, तिच्यासमोर खोटं बोलायला कुणाचा धीर झाला नाही.

गोठ्यात मात्र अवघड प्रश्न होता. आजारी आणि निरोगी गाईंकडे एकच माणूस जाऊन चालणार नव्हतं. काकीसाहेबांना निरोगी गाईंची धार काढायची होती, आणि बाहेरचं माणूस आत घ्यायचं नव्हतं. मी फाटकाबाहेरून डॉक्टरांचं आणि त्यांचं हे बोलणं ऐकत होते. तेवढ्यात काकासाहेब घराच्या पायरीवरून खाली उतरले. धोतर खोचलेलं, पायात काकीसाहेबांचे जुने रबरी बूट.

“आजारी माझ्याकडे द्या,” ते म्हणाले. “काय करायचं ते सांगा.”

काकीसाहेबांनी आधी त्यांच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. कडुलिंबाचा धूर करायचा, माश्या बसू द्यायच्या नाहीत, जखमा धुवायच्या, गूळ-बाजरीची पेज हातानं भरवायची. काकासाहेबांनी ते सगळं केलं. पहिल्या दिवशी ते तोंड दुसरीकडे वळवून, हात लांब करून पेज भरवत होते, आणि निम्मी सांडत होती. काही दिवसांनी ते जास्वंदीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले मला फाटकातून दिसले. हळू आवाजात तिला एक भजन म्हणून दाखवत होते.

जास्वंद वाचली नाही. तिच्यामागून आणखी काही गाई गेल्या. त्यांना स्वतःच्या शेतात खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. काकीसाहेब प्रत्येक वेळी स्वतः फावडं घेऊन उभ्या होत्या. शेवटच्या खड्ड्यावर माती लोटून झाल्यावर त्या हरिरामला लांबूनच म्हणाल्या, “गाँव में किसी की बीमार है?”

“एक-दो को बुखार आया था, काकीसाब. उतर गया. एक भी नी मरी.”

त्यांनी मान डोलावली. गाई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे खांदे जरा सैल झाले.

त्या काळात मोहित्यांचा कॅन केंद्रावर येत नव्हता. गोठा पुरता निर्धोक झाल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर, थंडी सुरू होताना, एका सकाळी स्कूटरचा आवाज आला. फाटकाशी दूधवाल्यांची रांग होती. काकीसाहेब नेहमीप्रमाणे शेवटी उभ्या राहिल्या. पुढच्या माणसानं आपले कॅन बाजूला सरकवले. मग त्याच्या पुढच्यानं. कुणी कुणाला सांगितलं नाही. बघता बघता सगळी रांग दुभंगली आणि त्यांना वाट झाली. त्यांना ते आवडलं नसावं, कारण कपाळाला आठ्या होत्या. पण त्या आल्या. कॅन माझ्यापुढे ठेवला. पूर्वीच्या मानानं दूध थोडं होतं.

मी चव घेतली. “चांगलं आहे, काकीसाहेब.”

“पुन्हा बघ,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे बघून सांगू नकोस. दुधाकडे बघून सांग.”

मी पुन्हा चव घेतली. दूध खरोखर चांगलं होतं. त्या दिवशी मला माझ्या साध्याशा कामाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता.

गोठा पुन्हा भरला. त्यानंतर काही वर्षांनी काकीसाहेब वारल्या, धारला भावाच्या घरी, एका सकाळी पूजा आटोपून बसल्या असताना. त्याआधी थोडेच दिवस मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते निसरपूरकडे.

जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर वसलेल्या एका वसाहतीत बायकांनी त्यांना बोलावलं होतं. मी सोबत गेले. समाजभवनात खुर्च्या, माईक, हारतुरे. काकीसाहेब बोलायला उभ्या राहिल्या, तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. तिची गाय जुन्या घरी असताना चांगली दुधाळ होती. इथे आल्यापासून नीट खात नाही, दूध अर्ध्यावर आलं, असं ती सांगत होती.

“कहाँ है गाय?” काकीसाहेबांनी माईक ठेवून दिला. “चलो.”

सगळी सभा उठून त्या बाईच्या अंगणात गेली. गाय सिमेंटच्या कोब्यावर आखूड दाव्यानं बांधलेली होती. काकीसाहेबांनी तिचे खूर पाहिले, पोटावरून हात फिरवला, तिच्या कानात काहीतरी बोलल्या. मग म्हातारीला विचारलं, “पहले कहाँ जाती थी ये?”

“नदी पे. सुबह खुद जाती, शाम को खुद आती.”

“और तुम? तुम्हारा मन लगा यहाँ?”

म्हातारीनं गाईच्या गळ्यातलं दावं चाचपलं. मग मान हलवली. “नी लगा, बई.”

“तो इसका भी नहीं लगा. इसको थोड़ा समय दो. पर बाँध के मत रखो.” त्यांनी कोब्यावर मुरूम टाकायला सांगितलं, दिवसभर खडेमीठ आणि पाणी समोर ठेवायला सांगितलं. मग विचारलं, “पानी अब किधर है?” बायकांनी वसाहतीच्या टोकाकडे हात केला. तिथून उतारानं पाण्याच्या कडेला जाता येत होतं.

काकीसाहेबांचे गुडघे तेव्हा फार दुखत. मी म्हटलं, “काकीसाहेब, बस यायची वेळ झाली. बायका जातील घेऊन.”

“तू जा,” त्या म्हणाल्या. “मी भावाला बोलावून घेते. हिला आज रस्ता दाखवला, तर उद्या आपली आपण जाईल.”

मी बसमध्ये खिडकीशी बसले. बस वसाहतीच्या कडेनं वळली तेव्हा ती मंडळी मला दिसली. नव्या घरांच्या दोन रांगांमधला सरळ रस्ता, त्यावर ती म्हातारी सैल दावं धरून चाललेली, मागे तिची गाय, आणि गाईच्या खांद्यावर हात टेकून, एकेक पाऊल जपून टाकत काकीसाहेब. मागून बाया आणखी काही घरांतल्या गाई सोडून आणत होत्या. उतार सुरू झाला तशी पहिली गाय थबकली, मान उंच करून पाण्याचा वास घेतला, आणि मग तिनं म्हातारीच्या हातातलं दावं ओढलं. काकीसाहेबांनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि कडेला उभ्या राहून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.